तेरची परीक्षा आणि औंढ्याची वाट : एका संतकथेतील कुंभारविद्येचा विचार

१

हिंगोली जिल्ह्यातील नरसी आणि औंढा नागनाथ ही दोन स्थळे संत नामदेवांच्या चरित्राशी निगडित आहेत. कयाधू नदीच्या परिसरातील नरसी, म्हणजे जुन्या ग्रंथांतील नरसी-बामणी, हे नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते; औंढा हे त्यांच्या गुरूपदेशाचे स्थान मानले जाते. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे त्यापूर्वीच्या चरित्रग्रंथांत ही दोन्ही गावे परभणी जिल्ह्यात दाखविलेली आढळतात. परंतु चरित्रक्रम पाहिला, तर नरसी आणि औंढा यांच्यामध्ये तिसरे एक स्थळ येते. ते आजच्या धाराशिव जिल्ह्यातील, तेरणा नदीच्या काठचे तेर होय. तेरला जाऊन आल्याखेरीज नामदेवांची औंढ्याची वाट सुरूच होत नाही.

कथा सर्वश्रुत आहे. तेर येथे गोरोबा कुंभारांच्या घरी संतमंडळी जमली होती. निवृत्तिनाथ, ज्ञानेश्वर, सोपान, मुक्ताबाई आणि नामदेव हे त्यांत होते. जवळच पडलेले थापटणे पाहून मुक्ताबाईंनी हे कशाचे साधन, असे विचारले. याने मडकी पारखतात, असे गोरोबांनी सांगितले. मग आम्हां मडक्यांचीही पारख करावी, असे मुक्ताबाई म्हणाल्या. गोरोबा एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारीत चालले. इतर संत निमूट बसून राहिले. नामदेवांना मात्र तो अपमान वाटला व ते रागावले. तेव्हा हे मडके कच्चे आहे, असा निर्णय गोरोबांनी दिला. दुखावलेले नामदेव पंढरपुरास गेले. तेथे विठ्ठलानेही गोरोबांचाच निर्णय उचलून धरला आणि औंढ्यास विसोबा खेचरांना शरण जाण्याची आज्ञा केली.

या कथेकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. भाविक ती घडलेली घटना म्हणून स्वीकारतो; इतिहासाचा अभ्यासक तिला आख्यायिका म्हणून बाजूस ठेवतो. कथेच्या केंद्रस्थानी असलेली कुंभाराची विद्या या दोन्ही रीतींत दुर्लक्षितच राहते. थापटणे हे काय साधन आहे, मडके कच्चे असणे म्हणजे काय आणि हा निर्णय तेरच्या कुंभारानेच का द्यावा, हे प्रश्न विचारले, तर आख्यायिकेलाही काही ऐतिहासिक मूल्य असल्याचे दिसून येते. प्रस्तुत निबंधाचा विषय तेवढाच आहे.

२

तेरची प्राचीनता आता निर्विवाद आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात दक्षिणापथातील दोन मोठ्या बाजारपेठांचा उल्लेख आहे. बरुगाझा म्हणजे भडोच येथून वीस दिवसांच्या प्रवासावर पैठण आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या प्रवासावर तगर, असे तो ग्रंथ सांगतो. तगरहून जाडेभरडे कापड व तलम वस्त्रे भडोचकडे जात, असेही त्यात नमूद आहे. हे तगर कोणते, याविषयी एकोणिसाव्या शतकात पुष्कळ वाद झाला. दौलताबाद, जुन्नर, धारूर अशी नावे सुचविली गेली. अखेर १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर हा निष्कर्ष मांडला आणि तो सामान्यतः मान्य झाला.

अंतरांचा हिशेबही या निष्कर्षाशी जुळतो. सरळ रेषेत भडोच ते पैठण हे अंतर सुमारे ३५० किलोमीटर आणि पैठण ते तेर हे सुमारे १५० किलोमीटर आहे. वीस आणि दहा दिवसांच्या हिशेबाने रोजची चाल दोन्ही टप्प्यांत पंधरा ते अठरा किलोमीटर येते. बैलांच्या तांड्यास ही चाल स्वाभाविक आहे. दिशेच्या बाबतीत मात्र ग्रंथकाराचे विधान ढोबळ आहे. तेर पैठणच्या पूर्वेस नसून आग्नेयेस आहे. तगरची कीर्ती पुढेही दीर्घकाळ टिकली. कोकण व कोल्हापूर येथील शिलाहार राजे स्वतःस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, हे त्यांच्या लेखांवरून दिसते.

तेरच्या पांढरीच्या टेकाडांत प्राचीन वस्तू विपुल सापडतात. १९५८ साली बा. ना. चापेकर यांनी तेथे उत्खनन केले व त्याचा वृत्तांत १९६९ साली पुण्याहून प्रसिद्ध झाला. त्यानंतरही तेथे उत्खनने झाली. तेरचे रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर जमविल्या. त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आज तेरमध्ये आहे. या संग्रहातील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी साम्य आहे. शैलीच्या दृष्टीने दोन्ही मूर्ती एकाच परंपरेतल्या असून, दक्षिणेतील कारागिरी इसवी सनाच्या पहिल्या शतकात भूमध्य सागराच्या काठापर्यंत पोहोचली होती, याचे त्या प्रत्यंतर देतात.

तथापि कुंभारविद्येच्या दृष्टीने तेरच्या मृण्मूर्ती अधिक महत्त्वाच्या आहेत. पांढऱ्या, बारीक पोताच्या मातीच्या या लहान मूर्ती दुहेरी साच्यातून काढलेल्या आहेत. पुढचा अर्धा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्यात, आणि मग दोन्ही भाग सांधून मूर्ती आतून पोकळ ठेवलेली. केशरचना, कर्णभूषणे, हातांतील बांगड्या यांचे बारकावे साच्यात कोरलेले असल्यामुळे एकाच साच्यातून एकसारख्या अनेक मूर्ती निघत. अभ्यासकांनी या तंत्राचा संबंध रोमन जगाशी असलेल्या व्यापारी संपर्काशी जोडला आहे. तंत्र बाहेरून आले असो वा नसो, साचा करणारा, माती मळणारा आणि भट्टी लावणारा हात तेरचाच होता. मात्र त्या हातांपैकी एकाचेही नाव या मूर्तींबरोबर आलेले नाही.

३

या ठिकाणी इटलीतील एका नगराशी तुलना करणे उपयुक्त ठरेल. तस्कनी प्रांतातील आरेत्सो हे नगर इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या उत्तरार्धापासून तांबड्या, चकचकीत मृद्भांड्यांसाठी प्रसिद्ध झाले. अतिशय गाळलेल्या मातीचा पातळ लेप देऊन आणि भट्टीत भरपूर हवा खेळती ठेवून ही तांबडी झिलई आणली जाई. नक्षीदार भांडी साच्यातून काढीत. कारखानदाराची नाममुद्रा भांड्यावर उमटविण्याची तेथे प्रथा होती. अनेकदा तिच्यासोबत प्रत्यक्ष काम करणाऱ्या गुलामाचेही नाव येई. ही भांडी व्यापारी गलबतांतून भारताच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत आली. पुदुच्चेरीजवळील अरिकमेडू येथे १९४५ साली मॉर्टिमर व्हीलर यांनी उत्खनन केले, तेव्हा आरेत्सोच्या भांड्यांचे तुकडे सापडले आणि त्यांच्या ज्ञात काळावरून तेथील भारतीय मृद्भांड्यांचाही काळ ठरविता आला. दक्षिण भारताच्या पुरातत्त्वातील कालगणनेला त्यामुळे एक भक्कम आधार मिळाला.

मध्ययुगात आरेत्सोला या भांड्यांचा विसर पडला होता. पुढे नगराच्या आसपास खोदकाम करताना ती पुन्हा हाती येऊ लागली. १२८२ साली रिस्तोरो या आरेत्सोच्याच लेखकाने विश्वरचनेवरील आपल्या ग्रंथात त्यांचे वर्णन केले आहे. जाणकार मंडळी ते तुकडे पाहून हर्षाने वेडी होत. अजाण लोक मात्र ते फोडून टाकावयास निघत, असे तो सांगतो. त्या भांड्यांवरील कौशल्य मानवी वाटू नये इतके ते त्या जाणकारांना अद्भुत वाटले. पुढे सोळाव्या शतकात चित्रकारांची चरित्रे लिहिणारा जॉर्जो वासारी याच नगरचा. त्याचे आडनाव कुंभार या अर्थाच्या इटालियन शब्दावरून आलेले आहे. आपल्या आजोबांनी प्राचीन भट्ट्यांचा शोध घेऊन ती कला पुन्हा साधण्याचा प्रयत्न केला, असे त्यानेच लिहून ठेविले आहे. आज आरेत्सोला जाणारा प्रवासी रोमन रंगमंडलाला लागून असलेल्या पुरातत्त्व संग्रहालयात ही भांडी पाहतो आणि त्यांच्यावरील नावे वाचतो.

१२८२ हे वर्ष मराठवाड्याच्या इतिहासातही अर्थपूर्ण आहे. परंपरागत कालगणनेनुसार त्या वर्षी नामदेव बारा वर्षांचे, ज्ञानेश्वर सात वर्षांचे, तर गोरोबा पंधरा वर्षांचे होते. म्हणजे आरेत्सोत मातीच्या तुकड्यांतून जुन्या कुंभारांच्या कौशल्याचा शोध लागत होता, त्याच पिढीत तेरच्या एका कुंभाराचे नाव मराठी भाषेत अमर होण्याच्या वाटेवर होते. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध अर्थातच नाही. परंतु साधनांच्या स्वरूपातील भेद यामुळे स्पष्ट होतो. आरेत्सोच्या कुंभारांची नावे भांड्यांवर उरली, त्यांची चरित्रे लुप्त झाली. तेरच्या प्राचीन मूर्तिकारांच्या मूर्ती उरल्या, नावे लुप्त झाली. गोरोबांचे मात्र चरित्र उरले, अभंग उरले. त्यांनी घडविलेले म्हणून ओळखता येईल असे एकही मडके उरलेले नाही. कारागिराच्या इतिहासाचे हे तीन निरनिराळे प्रकार आहेत आणि तिसऱ्या प्रकारासाठी कथा हेच मुख्य साधन आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सातवाहनकालीन तेर आणि गोरोबांचे तेर यांच्यामध्ये हजार वर्षांचे अंतर आहे. गोरोबा त्या जुन्या मूर्तिकारांचे वंशज होते किंवा त्यांची विद्या अखंडपणे गोरोबांपर्यंत आली, असे प्रतिपादन करण्यास आधार नाही. नदीकाठची माती, बाजारपेठ आणि वस्ती यांच्या योगाने कुंभारकामाला अनुकूल असे हे गाव होते, एवढेच म्हणता येते.

४

आता कथेतील कुंभारविद्येकडे वळता येईल. मडके चाकावरून उतरते तेव्हा ते पूर्ण झालेले नसते. त्याचा बुंधा जाड व ओबडधोबड असतो. माती किंचित आवळली की कुंभार आतून गुळगुळीत दगडी गुंडा धरतो आणि बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत मडके वाढवितो, त्याची कड पातळ करतो, पोट गोल करतो. हे काम हाताच्या अंदाजावर चालते. ठोका हलका पडला तर आकार येत नाही. जोराचा पडला तर कड फाटते. बाहेरचा मार आणि आतला आधार एकाच जागी, एकाच क्षणी यावा लागतो.

यानंतर मडके सावलीत वाळते आणि मग आव्यात भाजले जाते. वाळलेले आणि भाजलेले मडके दिसण्यात पुष्कळदा सारखेच वाटते. गुणाने त्यांच्यात मूलभूत अंतर असते. वाळताना मातीतील नुसते मिसळलेले पाणी उडून जाते. असे मडके पाण्यात ठेवले तर विरघळून पुन्हा चिखल होते. आव्यातील उष्णता सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेली की मातीच्या कणांत रासायनिक रीतीने बांधलेले पाणीही निघून जाते आणि हा बदल पुन्हा उलटत नाही. भाजलेले मडके फुटले तरी त्याची खापरी माती होत नाही. पुरातत्त्वज्ञाला दोन हजार वर्षांपूर्वीची खापरे मिळतात, त्याचे कारण हेच आहे. हा आतला बदल डोळ्यांना दिसत नाही. तो कानाला कळतो. टिचकी मारताच पक्के मडके खणखणते, कच्चे बद्द वाजते. तडा गेलेले पक्के मडकेही बद्दच वाजते, पण दोन बद्द आवाजांतला फरक सरावलेल्या कानाला कळतो.

ही माहिती ध्यानात घेता कथेतील निर्णयाचा अर्थ पालटतो. सामान्य वाचकाला ‘कच्चे मडके’ हा तिरस्काराचा शब्द वाटतो आणि नामदेवांनाही तो तसाच वाटला. कुंभाराच्या भाषेत मात्र कच्चे मडके म्हणजे टाकाऊ मडके नव्हे. टाकाऊ असते ते तडा गेलेले पक्के मडके. त्याचे पुन्हा काही करता येत नाही. कच्च्या मडक्याचा एकच दोष असतो, तो म्हणजे ते अजून आव्यात गेलेले नाही. तेव्हा गोरोबांचा निर्णय म्हणजे उणिवेचे निदान होते आणि त्या निदानातच उपाय सांगितलेला होता. कथा पुढे नामदेवांना औंढ्यास पाठविते, ते या उपायासाठी. गुरूपदेश हा येथे आव्याच्या जागी आहे. तेर आणि औंढा हे कथेचे दोन भाग यामुळे एकमेकांत घट्ट बसतात. कुंभारविद्येच्या आधाराविना वाचले, तर एकीकडे अपमानाची आणि दुसरीकडे चमत्काराची अशा दोन सुट्या गोष्टी उरतात.

कथाकारांनी थापटण्याची निवड केली, हेही लक्षणीय आहे. भाजलेले मडके पारखण्यास बोटाची टिचकी पुरते. थापटणे हे मुख्यतः घडविण्याचे साधन आहे. घडविणाऱ्या साधनानेच पारखणे ही कथेतील योजना, कथा रचणाऱ्यांना कुंभाराचे घर आतून माहीत होते, असे सुचविते. गोरोबांच्या दुसऱ्या प्रसिद्ध कथेतही हीच गोष्ट आढळते. भजनात तल्लीन होऊन माती तुडविताना पायाखाली स्वतःचे मूल आल्याचे त्यांना कळले नाही, ही ती कथा होय. एक कथा कामाच्या पहिल्या पायरीवर, म्हणजे माती तुडविण्यावर उभी आहे. दुसरी शेवटच्या पायरीवर, म्हणजे मडके पारखण्यावर. व्यवसायाचा सारा क्रम या दोन टोकांमध्ये येतो.

५

या निर्णयाचे सामाजिक स्वरूपही विचारार्थ घेतले पाहिजे. कथेतील सभेत संन्याशाची मुले म्हणून बहिष्कृत झालेली चार ब्राह्मण भावंडे आहेत, शिंपी कुळातील नामदेव आहेत आणि यजमान कुंभार आहे. परीक्षेचा प्रश्न सर्वांत धाकटी मुक्ताबाई काढते, निर्णय कुंभार देतो आणि साक्षात विठ्ठल तो कायम करतो. निर्णयाचा अधिकार ग्रंथाध्ययनातून आलेला नाही, जन्मातूनही नाही. तो हातातल्या कसबातून आलेला आहे. पुढील काळातील कागदपत्रांत कुंभार हा बारा बलुतेदारांपैकी एक, गावाच्या गरजेची मडकी पुरवून धान्याचे बलुते घेणारा, असा दिसतो. त्या चाकोरीत जगणाऱ्याचे ज्ञान परमार्थाच्या क्षेत्रात प्रमाण मानले जावे, ही वारकरी परंपरेने जपलेली गोष्ट साधी नाही.

कालगणनेतील एक विसंगती या संदर्भात बोलकी ठरते. परंपरेत गोरोबांना ‘गोरोबाकाका’ म्हणतात आणि संतमंडळीत त्यांना वडीलपणाचा मान आहे. परंतु त्यांचा परंपरागत जन्म १२६७ सालचा, म्हणजे नामदेवांहून ते अवघ्या तीन वर्षांनी मोठे. ज्ञानेश्वरांची समाधी १२९६ सालची असल्यामुळे ही सभा त्यापूर्वीची धरावी लागते. तेव्हा गोरोबांचे वय एकोणतीसहून अधिक येत नाही. या साली खऱ्या मानल्या, तर ‘काका’ हा मान वयाचा नसून पारख करणाऱ्याच्या अधिकाराचा आहे, असा निष्कर्ष निघतो. साली चुकीच्या मानल्या, तर वडीलपणाची आठवण सालींहून जुनी व अधिक विश्वसनीय ठरते. दोन्ही पक्षांत परंपरेने कुंभाराला दिलेले स्थान अबाधित राहते.

कथा आज ज्या रूपात परिचित आहे, त्याला महिपतीच्या ‘भक्तविजय’ या १७६२ सालच्या ग्रंथाने मोठी प्रसिद्धी दिली. घटना आणि ग्रंथ यांच्यात साडेचार शतकांहून अधिक अंतर पडते. नामदेवांच्या गाथेतही या प्रसंगावरील अभंग आहेत. पण गाथेत नामा हे नाव धारण करणाऱ्या उत्तरकालीन कवींच्या रचना मिसळल्या आहेत, हे संशोधकांनी दाखविले आहे. म्हणून ही सभा अमुक वर्षी भरली, असे सिद्ध करण्याचा प्रयत्न व्यर्थ होय. कथेतून सिद्ध होते ते एवढेच की, कुंभाराच्या निदानावर विश्वास ठेवणारा समाज ती शतकानुशतके सांगत आला.

६

तेरहून औंढ्याचे अंतर सरळ रेषेतही दीडशे किलोमीटरांहून अधिक आहे. तगरच्या व्यापाऱ्यांच्या हिशेबाने ही दहा-अकरा दिवसांची वाट. विसोबा खेचरांची समाधी बार्शी येथे दाखविली जाते आणि बार्शी तेरपासून पन्नास किलोमीटरांच्या आत आहे. असे असूनही परंपरेने गुरुभेटीसाठी दूरचे औंढा निवडले. औंढा नरसीपासून एका दिवसाच्या चालीत येते, ही गोष्ट येथे विसरता येत नाही. नामदेवांच्या जन्मस्थानाविषयी मतभेद आहेत. कऱ्हाडजवळील नरसिंगपूर आणि पंढरपूर यांचाही दावा सांगितला जातो. औंढ्याच्या कथेने नरसीचा दावा सिद्ध होत नाही, कारण नरसी मान्य झाल्यावर कथा औंढ्याकडे ओढली गेली, असेही म्हणता येईल. परंतु कयाधूचा परिसर नामदेवांच्या चरित्राशी परंपरेने दोन स्वतंत्र प्रसंगांनी जोडला आहे, एवढी नोंद या चर्चेत घ्यावी लागते.

औंढ्याचे नागनाथ मंदिर यादवकालीन असून खालचा पाषाणाचा भाग शिल्पांनी गजबजलेला आहे. वरचा भाग नंतरच्या काळातला आहे. गर्भगृह जमिनीच्या पातळीखाली असून अरुंद पायऱ्यांनी खाली उतरावे लागते. येथेच विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून निजलेले नामदेवांना दिसले, असे कथा सांगते. पाय काढण्यास सांगताच, जेथे लिंग नसेल तेथे ते उचलून ठेव, असे विसोबा म्हणाले. आणि नामदेवांनी पाय जेथे जेथे ठेविले, तेथे तेथे लिंग प्रकट झाले. तेरला नामदेवांना स्वतःच्या मस्तकावरचा ठोका सोसवला नव्हता. औंढ्याला देवाच्या मस्तकावरचे पाय सोसवले नाहीत. दोन्ही ठिकाणी अडचण एकच होती आणि ती औंढ्याला दूर झाली. यानंतरचे नामदेव उत्तरेत पंजाबपर्यंत गेले. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांची स्मृती जागती आहे आणि शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. परमुलखात, परभाषेत टिकून राहिलेल्या या वाणीला मराठी परंपरा पक्क्या मडक्याची वाणी मानते.

७

वरील विवेचनाचे सार थोडक्यात असे. तेरची परीक्षा ही सनावळीने सिद्ध होणारी घटना नाही. तथापि ती कुंभारविद्येच्या अचूक ज्ञानावर उभी आहे आणि त्या ज्ञानाच्या साह्यानेच तिचा औंढ्याशी असलेला संबंध उलगडतो. मराठवाड्यातील कारागिरांनी नाममुद्रा मागे ठेविल्या नाहीत. त्यांच्या इतिहासाची साधने एकीकडे संग्रहालयातील निनावी मूर्ती व खापरे आणि दुसरीकडे संतांच्या कथा अशी विभागलेली आहेत. या दोहोंच्या मधला दुवा म्हणजे प्रत्यक्ष व्यवसाय. चाकावर, थापटण्यावर आणि आव्यावर काम करणाऱ्या कुंभारांच्या घरी आजही जे शब्द व ज्या रीती चालतात, त्यांचा गावोगाव संग्रह होणे अगत्याचे आहे. प्लास्टिकच्या व धातूच्या भांड्यांनी मडक्याची जागा घेतल्यापासून ही शब्दसंपत्ती वेगाने उणी होत आहे. आरेत्सोच्या अजाण लोकांनी तुकडे फेकून दिले, जाणत्यांनी ते वेचले. तेर, नरसी आणि औंढा यांच्या बाबतीत वेचावयाचे तुकडे मातीत आहेत, तसेच बोलीतही आहेत. आणि बोलीतले तुकडे खापरांसारखे दोन हजार वर्षे टिकून राहणारे नाहीत.